पैसे खंयसून इले? संघर्ष समितीच्या देणग्या आणि निवडणुकीतला खर्च यांचा हिशोब कसा ठेवायचा

खाडीतल्या जेटीला विरोध करणारी आमची समिती स्थापन होऊन अकरा महिने झाले होते. ग्रामसभेत जेटीचा विषय संपत आला, तेवढ्यात मागच्या रांगेतले आबा उठले आणि तीनच शब्द बोलले, "पैसे खंयसून इले?" खजिनदार मी. समोर वही होती, पावतीपुस्तक होतं आणि वहीत एक ओळ होती, "मुंबईकर मंडळी, ४०,०००". नाव एकही नाही, तारीख अंदाजे. परळच्या एका खोलीत गावच्या मंडळाच्या बैठकीत झोळी फिरली होती. जमले ते पैसे एका चाकरमान्याने शिमग्याला येताना पाकिटात घालून आणले होते. त्यात लबाडी कोणाचीच नव्हती. पण कोणी किती दिले हे शोधायला मला तीन आठवडे लागले. तेवढ्या वेळात समोरच्या गटाने गावभर करून टाकलं की समितीला दुसऱ्या बंदरवाल्यांनी पोसलंय.

त्यानंतर मी कायदा वाचायला बसलो. वकिलाला विचारलं, तहसीलच्या निवडणूक शाखेत दोन-तीन खेपा घातल्या, कणकवलीच्या छापखान्यात एकदा बोलणीही खाल्ली. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे. गुहागरला एन्रॉन आला तेव्हापासून जैतापूर, नाणार, बारसूपर्यंत कोकणात प्रकल्पविरोधी समित्या झाल्या आणि प्रकल्पसमर्थकांच्याही झाल्या. मच्छीमारांच्या आहेत, महामार्गाच्या आहेत. लेख दोन्ही बाजूंच्या खजिनदारांसाठी आहे. नियम बाजू बघत नाहीत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. राजकीय पक्षांनी देणगीदार कसे जाहीर करायचे याचे नियम आपल्याकडे आहेत. उमेदवारानेही खर्च कसा दाखवायचा हे ठरलेलं आहे. पण पक्ष नाही, उमेदवार नाही, नुसतीच समिती किंवा संस्था असेल आणि ती निवडणुकीत पैसा ओतत असेल, तर तिने देणगीदारांची यादी अमुक ठिकाणी द्यावी असं सांगणारा एक सलग कायदा नाही. नियम लोकप्रतिनिधित्व कायद्यात, न्याय संहितेत, आयकरात, कंपनी कायद्यात, परदेशी निधीच्या कायद्यात असे विखुरलेले आहेत. अमेरिकेत २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर असे गट निवडणुकीत हवा तेवढा स्वतंत्र खर्च करू शकतात. खर्च जाहीर होतो, पण त्यामागे पैसा कोणाचा हे बऱ्याचदा एखाद्या समाजकल्याण संस्थेच्या नावाआड राहतं. तिथे त्याला 'डार्क मनी' म्हणतात. आपल्याकडे तेवढ्या मोठ्या रकमा गावात येत नाहीत, पण आड राहण्याची सोय तीच आहे.

समिती म्हणजे कोण, हे कागदावर आणा

बहुतेक समित्या देवळाच्या पायरीवर किंवा शाळेच्या वर्गात जन्माला येतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ठरतात, नारळ फुटतो आणि मग पैसे खजिनदाराच्या स्वतःच्या बचत खात्यात यायला लागतात. मीही तेच केलं. वॉट्सअॅपवर माझ्या मोबाइलचा क्यूआर कोड टाकला आणि ठाणे, नालासोपाऱ्यापासून पैसे यायला लागले. आयकराच्या नजरेतून ते पैसे माझे दिसतात. वर्षभरात परक्या लोकांकडून विनामोबदला मिळालेली एकूण रक्कम ५०,००० च्या वर गेली, तर ती उत्पन्नात धरली जाऊ शकते. "साहेब, हे समितीचे होते" हे सांगायला कागद लागतो, आणि तो मी केलेलाच नव्हता.

म्हणून पहिलं काम ठरावाचं. साध्या कागदावर समितीचं नाव, हेतू, पदाधिकारी, खातं कोण चालवणार (दोन सह्या, एकाच घरातल्या नकोत), हिशोब कोण तपासणार. त्या ठरावावर 'व्यक्तींचा समूह' म्हणून समितीचं पॅन काढा आणि त्या पॅनवर बँकेत खातं उघडा. बँक कागद मागते, दोन-तीन फेऱ्या होतात, तरी करा. मुंबईच्या मंडळाची धर्मादाय नोंदणी आहे म्हणून त्यांच्या खात्यातून व्यवहार करू, हा सोपा वाटणारा मार्ग टाळा. करसवलतीची नोंदणी असलेल्या विश्वस्त संस्थेला उमेदवाराच्या प्रचारावर पैसा घालता येत नाही, आणि नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर त्या संस्थेला त्यावर ३० टक्के कर बसतो. गणपतीच्या वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ सी ची परवानगी काढलेलं पावतीपुस्तकही समितीसाठी वापरू नका. ते गणपतीचं आहे.

आयकराची कलमं मी मुद्दाम क्रमांकाने सांगत नाही. १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि क्रमांक सगळे बदलले.

पावती

पावतीवर अनुक्रमांक छापलेला हवा. रबरी शिक्क्याने मारलेला नव्हे. देणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव आणि वाडी, मोबाइल, रक्कम अंकात व अक्षरात, रोख की ऑनलाइन, ऑनलाइन असेल तर व्यवहार क्रमांक. मोठी देणगी असेल तर पॅन. आणि आम्ही उशिरा शिकलेला रकाना म्हणजे 'कशासाठी'. 'आंदोलन' की 'निवडणूक', यातल्या एकावर खूण. देणाऱ्याने जे म्हटलं तेच. आंदोलनासाठी दिलेले पैसे खजिनदाराने नंतर निवडणुकीकडे वळवले, तर ज्याने दिले त्यालाच फसवल्यासारखं होतं. आमच्याकडे एका बागायतदाराने नेमकं हेच ऐकवलं. तो जेटीच्या विरोधात होता, पण आमच्या उमेदवाराच्या बाजूने अजिबात नव्हता.

झोळी फिरवून जमलेल्या पैशांसाठी एकच पावती फाडू नका. मुंबईतल्या मंडळाला सांगा, बैठकीतच एका कागदावर नाव, रक्कम, सही घ्या आणि त्या कागदाचा फोटो पैशांबरोबर पाठवा. नंतर आठवून लिहिलेली यादी कधीच जुळत नाही. आमच्या चाळीस हजारांत शेवटी अठ्ठावीस नावं निघाली आणि ७०० रुपये जास्त आले. ते ७०० आजही वहीत 'नाव मिळालं नाही' म्हणून वेगळे पडून आहेत, खर्च केलेले नाहीत.

वस्तूंच्या देणग्या विसरल्या जातात आणि कोकणात त्याच मोठ्या असतात. खाडीत होड्यांचा मोर्चा काढला तेव्हा बावीस होड्या आल्या. प्रत्येकाने स्वतःचं डिझेल घातलं, खलाशांची मजुरी कोणी मागितली नाही. एकाने मंडप दिला, एकीच्या घरातून दोनशे माणसांची पेज आणि कुळीथाची पिठी आली. वहीत त्या दिवसाचा खर्च शून्य. खरं तर त्या दिवशी समितीचा वर्षातला सगळ्यात मोठा खर्च झाला होता, फक्त तो पैशात नव्हता. आता मी त्यासाठी वेगळं पान ठेवतो. कोणी काय दिलं, अंदाजे बाजारभाव काय, आणि देणाऱ्याची सही. आंदोलनात याला फारसं कोणी विचारत नाही, निवडणुकीत मात्र हेच पान सोडवतं किंवा अडकवतं.

रोख रकमेबद्दल इतकंच की एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच कामासाठी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात चालत नाही. गावच्या समितीला तेवढी रोख कोणी देऊ केली, तर पैसे मोजण्याआधी तो का देतोय हे विचारा.

कोणाकडून घ्यायचं नाही

आखातात गेलेली माणसं कोकणाला नवी नाहीत. दापोली, खेड, चिपळूणपासून खाली सिंधुदुर्गापर्यंत घरटी कोणी ना कोणी कुवेत, दुबई, बहारीनला आहे. ती मदत करायला बघतात आणि इथेच खजिनदार घाबरतो किंवा गाफील राहतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत पाठवलेला पैसा २०१० च्या परदेशी निधी नियमन कायद्याखाली 'परदेशी निधी' ठरत नाही. पण त्याच्या भावाने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असूनही त्याचा पैसा परदेशी स्रोताचा. म्हणून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रकमेबरोबर एक ओळ लिहून मागा: मी भारतीय नागरिक आहे, पैसे माझ्या कमाईचे आहेत. पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत मिळाली तर उत्तम.

निवडणुकीतला उमेदवार आणि राजकीय पक्ष यांना परदेशी निधी घ्यायला पूर्ण मनाई आहे. समित्यांचा मुद्दा जरा गुंतागुंतीचा. २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, जेलभरो हे मार्ग नेहमी वापरणाऱ्या संघटनांना 'राजकीय स्वरूपाच्या' ठरवता येईल असं होतं. ६ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला. सार्वजनिक प्रश्नासाठी आंदोलन केलं म्हणून कोणी राजकीय ठरत नाही. सक्रिय राजकारणात किंवा पक्षीय राजकारणात उतरलेल्या संघटनांनाच ते लागू, असं न्यायालयाने म्हटलं. पण आमच्यासारख्या बिननोंदणीच्या समितीला हा वाद कामाचाच नाही. या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी निधीचा एक रुपयाही घेता येत नाही. शहरातल्या नोंदणीकृत संस्थेकडून तो पैसा वळता करून घ्यावा म्हणाल, तर २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद केलं. परदेशी निधी घेतलेली संस्था तो पुढे दुसऱ्या कोणाला देऊ शकत नाही.

सरकारी नोकर. गावात हे सगळ्यात जास्त दुखतं, कारण समितीचं पत्रक लिहून देणारे, माइकवर चांगलं बोलणारे बहुधा शिक्षकच असतात. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याने राजकीय चळवळीत भाग घ्यायचा नाही, तिला वर्गणीही द्यायची नाही. गुरुजींनी प्रेमाने दिलेले पाचशे रुपये पुढे त्यांच्या बदलीचं कारण होऊ शकतात. निवडणुकीच्या खात्यात त्यांचे पैसे तर अजिबात घेऊ नका. आंदोलनासाठी ते द्यायलाच निघाले, तर नियम दाखवा आणि परत करा.

देवस्थानाचा पैसा आणि देवळाची जागा. गावातल्या बैठका देवळाच्या सभामंडपात होणं आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा, १९८८ धार्मिक संस्थेची जागा आणि निधी राजकीय कामासाठी वापरायला मनाई करतो आणि 'राजकीय काम' याची व्याख्या त्यात बरीच रुंद आहे. पक्षाचा प्रचार आला, राजकीय स्वरूपाच्या प्रश्नावरच्या सभा आल्या, निधी गोळा करणं आलं, उमेदवारासाठी केलेलं कामही आलं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. आमच्या मानकऱ्यांना हे पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. आता बैठक आंब्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये होते. तिथे वासही बरा येतो.

कंपन्या. प्रकल्पाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या समित्यांना हे जास्त लागू होतं, पण एखादा हॉटेलवाला किंवा मासळी निर्यातदार विरोधी समितीलाही पैसे देतोच. कंपनी कायद्याच्या कलम १८२ मध्ये फार कमी लोक वाचतात असा एक भाग आहे. कंपनीने पक्षाला थेट न देता अशा व्यक्तीला देणगी दिली, जिचं काम एखाद्या पक्षाच्या जनाधारावर परिणाम करेल असं कंपनीला माहीत आहे, तर तीही राजकीय देणगीच मानली जाते. मग संचालक मंडळाचा ठराव, नफ्यातोट्याच्या पत्रकात उल्लेख, सरकारी कंपनी आणि तीन वर्षांपेक्षा नवी कंपनी यांना मनाई, हे सगळं लागू. तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली होती. १५ फेब्रुवारी २०२४ च्या निवडणूक रोख्यांच्या निकालात ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. म्हणून कंपनीच्या खात्यावरून पैसे आले तर कंपनीचं पत्र मागा. "मालकाने स्वतः दिले असं लिहा" म्हणाले, तर मालकाच्या वैयक्तिक खात्यातून येऊ द्या.

आंदोलन कुठे संपतं आणि प्रचार कुठे सुरू होतो

हे समजलं की अर्धं काम झालं. मी कार्यकर्त्यांना तीन फलक दाखवून समजावतो.

पहिला: "खाडीत जेटी नको." हा आंदोलनाचा फलक. निवडणूक असो वा नसो, लावायला हरकत नाही. आचारसंहितेत स्थानिक परवानग्या मात्र घ्या.

दुसरा: "जेटीला पाठिंबा देणाऱ्या उमेदवाराला पाडा." नाव नाही, पण गावात पोराटोरांनाही कळतं कोणाबद्दल आहे.

तिसरा: "समितीचा पाठिंबा अमुक यांना, त्यांनाच मत द्या."

तिसऱ्या फलकाला भारतीय न्याय संहितेचं कलम १७६ लागतं. ती १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. जुन्या दंड संहितेत हेच १७१ एच होतं. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याला निवडून आणण्यासाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा कुठल्याही मार्गाने कोणीही खर्च केला तर तो गुन्हा. दंड पूर्वी ५०० होता, आता १०,००० पर्यंत. यात एक गंमत राहून गेली आहे. परवानगी न घेता खर्च झाला आणि तो दहा रुपयांच्या आत असेल, तर दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता आणून सुटता येतं. ते दहा रुपये नव्या कायद्यातही तसेच आले. आज तेवढ्यात फलक बांधायची सुतळी तरी येते का, बघा.

दुसऱ्या फलकाला हे कलम लागत नाही, कारण ते निवडून आणण्याबद्दल आहे, पाडण्याबद्दल नाही. पण म्हणून मोकळीक नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७ ए मध्ये निवडणूक पत्रकाची जी व्याख्या आहे, तिच्यात उमेदवाराला फायदा करणारं आणि त्याला बाधा आणणारं, दोन्ही साहित्य येतं.

सगळ्या उमेदवारांना तेच पाच प्रश्न पाठवायचे आणि आलेली उत्तरं, न आलेल्यांची नोंद करून, जशीच्या तशी छापायची, हा मार्ग मला सगळ्यात आवडतो. खर्च कमी होतो, कोणाचा प्रचार होत नाही आणि लोकांना हवं ते कळतं. आमच्या पाच प्रश्नांना दोघांनी उत्तर दिलं. तिसऱ्याचा रकाना कोराच छापला, त्याचीच चर्चा जास्त झाली.

पत्रक छापताना

छापखानेवाल्याने "प्रकाशकाचं निवेदन आणलंत का?" विचारलं तेव्हा मला वाटलं, माणूस उगाच ताणतोय. मी थोडा आवाजही चढवला. चूक माझी होती. निवडणूक पत्रकावर किंवा फलकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते असायलाच हवेत. प्रकाशकाने स्वतःची ओळख सांगणारं निवेदन सही करून द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित करायचं आणि दोन प्रती छापखान्यात द्यायच्या. छापल्यानंतर मुद्रक पत्रकाची एक प्रत आणि त्या निवेदनाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतो, म्हणजे आपल्याकडे सिंधुदुर्गात ओरोसला. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. फक्त सभेची तारीख, वेळ, ठिकाण कळवणाऱ्या पत्रकाला हे लागत नाही.

प्रकाशक म्हणून 'संघर्ष समिती' एवढंच लिहू नका. माणसाचं नाव द्या. किती प्रती छापल्या तेही खाली छापा आणि बिलाच्या मागे पत्रकाचा एक नमुना टाचणीने लावून ठेवा.

केबल वाहिनीवर किंवा इंटरनेटवर पैसे देऊन प्रचाराची जाहिरात चालवायची असेल, तर आधी जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीकडे जावं लागतं. मान्यताप्राप्त पक्ष आणि उमेदवारांनी किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, बाकीच्यांनी सात दिवस. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत सभा, मिरवणूक, जाहीर प्रचार बंद. बस, एवढं पुरे.

उमेदवाराच्या वहीत तुमचं नाव

उमेदवाराने लेखी परवानगी दिली की तुमचा खर्च त्याच्या खर्चात मिळतो. हा भाग समितीवाल्यांना पटत नाही. "आमचे पैसे आमचे, त्याचा काय संबंध?" संबंध आहे, आणि त्याला इतिहासही आहे. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं की उमेदवारासाठी दुसऱ्याने केलेला खर्चही त्याच्या मर्यादेत धरायचा. त्यावर लगेच कायदा बदलून पक्ष, संस्था, मित्र यांचा खर्च बाजूला काढला गेला आणि मर्यादेला काही अर्थच उरला नाही. २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद झाली. आता बाहेर राहतो तो मुख्यतः पक्षाच्या स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च.

मोठ्या राज्यांत, म्हणजे महाराष्ट्रातही, २०२२ पासून विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख अशी मर्यादा आहे. उमेदवार अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडतो. त्याला मिळणाऱ्या नोंदवहीत रोजच्या खर्चाची पानं पांढरी, रोख रकमेची गुलाबी, बँकेची पिवळी. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचा. न दिल्यास आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. त्या हिशोबात कोणाकडून किती मिळालं याच्या याद्या असतात, आणि एक रुपया फी भरून तो हिशोब कोणालाही पाहता येतो. म्हणजे समितीने दिलेली रक्कम तिथे उघड होतेच. एका व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून १०,००० पेक्षा जास्त रोख उमेदवाराने घेऊ नये असा आयोगाचा नियम आहे, म्हणून धनादेशाने द्या.

आणि इथे त्या बावीस होड्या परत येतात. उमेदवाराच्या प्रचारासाठी होड्यांची फेरी काढली, तर डिझेल कोणी स्वतःहून घातलं तरी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या दरपत्रकाने त्याचं भाडं लागणार. निरीक्षकांचे लोक चित्रीकरण करतात, त्यात होड्या मोजता येतात. संध्याकाळी घरी गेल्यावर लिहायचं, असं ठरवलं की राहतं. किनाऱ्यावरच एकाला वही घेऊन बसवा. होडीचा क्रमांक, मालकाचं नाव, किती तास.

समितीने थेट पक्षाला पैसे दिले तर? वर्षात २०,००० च्या वर दिलेत तर तुमचं नाव पक्षाने निवडणूक आयोगाला द्यायच्या अहवालात येतं. त्याखालच्यांची यादी द्यावी लागत नाही. करसवलत टिकवायची असेल तर पक्षाला एका देणगीदाराकडून २,००० पेक्षा जास्त रोख घेता येत नाही. रोख्यांच्या वाटेने नाव लपवण्याची २०१८ पासूनची सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये संपली, आणि स्टेट बँकेने दिलेली यादी आयोगाने १४ मार्चला प्रसिद्ध केली.

ग्रामपंचायतीची निवडणूक

समित्यांची माणसं खरी उतरतात ती इथे, पॅनल करून. या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, त्यामुळे पक्षांचे नियम बाजूला राहतात. राज्य निवडणूक आयोगाचे आदेश लागू होतात. न्याय संहितेचं कलम १७६ मात्र इथेही आहे. आयोगाने २०१७ मध्ये सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यासाठी २५,००० आणि थेट सरपंचासाठी ५०,००० अशी मर्यादा ठरवली, मोठ्या ग्रामपंचायतींना त्याहून जास्त. तुमच्या निवडणुकीचा चालू आकडा अर्ज घेतानाच निर्णय अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. हिशोब ३० दिवसांत. तो न दिल्यामुळे निवडून आलेला सदस्य अपात्र ठरलेली उदाहरणं प्रत्येक तालुक्यात सापडतील, आणि त्यातले बहुतेक जण एक पैसाही न खाल्लेले असतात. फक्त कागद दिला नाही.

पॅनलचा एकत्र खर्च उमेदवारांत वाटून लिहावा लागतो. नऊ जणांचं एकच पत्रक असेल तर बिलाचे नऊ भाग, प्रत्येकाच्या हिशोबात एक. बिलाची प्रत प्रत्येकाला द्या.

नावं लावायची कशी

कायदा मागत नाही, तरी आम्ही दर तीन महिन्यांनी यादी लावतो. दोन खाती, दोन पानं: आंदोलन आणि निवडणूक. १,००० च्या वरचे देणगीदार नावाने, त्याखालचे वाडीनिहाय एकूण. हा हजाराचा आकडा आमचा, तुम्ही तुमचा ठरवा, पण पैसे घेण्याआधी ठरवा आणि पावतीच्या मागे छापा. नाव लावू नका म्हणणारा भेटतोच. त्याला दोनच पर्याय: हजाराच्या आत द्या, नाहीतर देऊ नका. मोबाइल, पत्ता, पॅन फलकावर टाकायचं नाही. ते वहीत राहतं. कोणावर दबाव येईल अशी खरी भीती असेल, तर ते नाव वहीत ठेवा, फलकावर "नाव वहीत आहे" एवढं लिहा आणि वही तपासनिसाला दाखवा. अशी नावं तीन-चारच्या वर जाऊ देऊ नका.

देवळाच्या पायरीवर नाव कोरून घ्यायची आपली सवय इथे उपयोगी पडते. पहिल्या यादीनंतर देणग्या कमी होतील अशी भीती होती. उलट दोघे जण चढाओढीने आले, फलकावर भावकीतल्याचं नाव वर दिसलं म्हणून.

शेवटी कागद टिकवण्याचं. आपल्या हवेत हा वेगळाच उद्योग आहे. पेट्रोल पंपाची गुळगुळीत पावती मे महिन्यातच कोरी होते, कार्बन प्रत श्रावणापर्यंत पुसट होते आणि लाकडी कपाटातली फाइल वाळवी खाते. मृगाच्या आत सगळ्या पावत्यांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, मूळ कागद झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, आत कडुनिंबाचा पाला. किमान दहा वर्षं. निवडणुकीची फाइल वेगळ्या डब्यात, कारण विधानसभा-लोकसभेच्या निकालाविरुद्ध याचिकेला ४५ दिवस असतात आणि तेव्हा ती एका दिवसात काढून द्यावी लागते.

मागच्या शिमग्याला यादी लावत होतो, तर आबा काठी टेकत आले. चष्मा पुसला, वाडीनिहाय पानावर बोट फिरवत खाली गेले. "माझे पन्नास खंय आसत?" मी वही उघडली, पावती क्रमांक २१४, आबांची सही, खाली तारीख. त्यांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि मग पेज झाली का म्हणून विचारलं.